युनिव्हर्सल डॉक घेताय? आधी आपल्या लॅपटॉपला विचारा

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे कसंय’ काढून टाकलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय. दुकानात उभं राहून घाईत वाचत असाल तर थेट [११:१०] वर जा.)

[००:००] सव्वीस ब्लाउज

हार्बरवर उभ्याने ऐकत असाल तर आधी बॅग पुढे घ्या, मग निवांत ऐका.

आजचा विषय डॉकिंग स्टेशन. लॅपटॉपला दोन-तीन मॉनिटर, कीबोर्ड, माउस, इंटरनेटची वायर आणि चार्जिंग, हे सगळं एकाच केबलने जोडणारा डबा. बऱ्याच जणांचे मेसेज होते की ‘युनिव्हर्सल’ लिहिलेला कुठलाही घेतला तर चालेल ना? माझं उत्तर नाही असं आहे. ते मी पैसे घालवून शिकले, म्हणून आधी तेच सांगते.

आमचं घर मानखुर्दला. मुंबई अर्बन ट्रान्सपोर्ट प्रोजेक्टमध्ये रेल्वेरुळांच्या कडेच्या वस्त्या हलवल्या तेव्हा ज्यांना इथे घरं मिळाली, त्यातलं आमचं एक. २२५ चौरस फूट, माणसं चार, टेबल एक. दुपारी दोनपर्यंत त्या टेबलावर आईचं शिलाई मशीन असतं, दोननंतर माझं ऑफिस. मॉनिटर ठेवायला जागाच नाही, म्हणून सेकंडहँड घेतलेले दोन २४ इंची मॉनिटर मी भिंतीला ब्रॅकेटवर लावलेत. एकावर कोड, दुसऱ्यावर लॉग आणि कॉल. डॉकही भिंतीलाच चिकटवलेला. दोन वाजले की आई मशीन उचलते, मी लॅपटॉप ठेवते, एक केबल खोचते, आणि ऑफिस सुरू! लोक डॉक घेतात टेबल सुंदर दिसावं म्हणून. आमच्याकडे तो टेबल रिकामं व्हावं म्हणून आहे.

आधीच्या कंपनीचा विंडोज लॅपटॉप होता, तेव्हा साडेतीन हजारांच्या डॉकवर हे मस्त चाललं. २०२३ मध्ये नोकरी बदलली. नव्या कंपनीने एम१ चिपचा मॅकबुक एअर दिला. पहिल्या दिवशी केबल खोचली, तर दोन्ही मॉनिटरवर हुबेहूब एकच चित्र. मला वाटलं डॉक गेला. शनिवारी मानखुर्दहून कुर्ला, कुर्ल्याहून दादर, दादरहून ग्रँट रोड असं करत लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदार म्हणाला, “मॅडम, युनिव्हर्सल है, सब पे चलेगा.” साडेसहा हजार दिले. घरी येऊन लावला. पुन्हा तेच, दोन मॉनिटर आणि एक चित्र. बिलावर छापलेलं होतं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “म्हणजे सव्वीस ब्लाउज गेले.” एका ब्लाउजची शिलाई ती अडीचशे घेते. तेव्हापासून कुठल्याही गॅजेटची किंमत मी ब्लाउजमध्येच मोजते.

आणि खरी गंमत पुढे आहे. दोन्ही डॉक अगदी ठणठणीत होते.

[०३:०५] पोर्टचा आकार एक, आतली कामं वेगळी

गोंधळाचं मूळ टाइप-सी पोर्टमध्ये आहे. तुमच्या फोनला आहे तोच, लांबट गोल. आकार सगळीकडे सारखा, पण आत काय वाहतं ते प्रत्येक लॅपटॉपमध्ये वेगळं. आपल्या इमारतीतल्या नळांसारखं समजा. नळ सगळीकडे सारखेच दिसतात, पण कुणाच्या नळाला चोवीस तास पाणी असतं आणि कुणाच्या नळाला सकाळी अर्धा तास.

काही टाइप-सी पोर्ट फक्त डेटा नेतात. काही डेटा आणि चार्जिंग. काही या दोन्हींसोबत व्हिडिओही नेतात, त्याला म्हणतात डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड. आणि काही असतात थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४, ज्यांच्यात जवळपास सगळं येतं.

ओळखायचं कसं? पोर्टच्या शेजारी बारीक चिन्ह बघा. ‘डी’ आणि ‘पी’ एकमेकांत अडकवल्यासारखं चिन्ह असेल तर व्हिडिओ येतो. बाण असलेली वीज असेल तर थंडरबोल्ट. चिन्हच नसेल तर घाबरू नका, लॅपटॉपच्या तळाशी असलेला पूर्ण मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्याचं स्पेसिफिकेशन उघडा. ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द टाइप-सीच्या ओळीत आहे का, एवढंच शोधायचं. मॉडेल नंबर पूर्ण हवा, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपचे चार प्रकार असतात आणि स्वस्त प्रकारात नेमकी हीच सोय काढलेली असते.

याहून सोपी टेस्ट म्हणजे मित्राकडून टाइप-सी ते एचडीएमआयचं साधं अ‍ॅडॉप्टर मागून आणा. लावल्यावर टीव्हीवर चित्र आलं, तर ऑल्ट मोड आहे.

[०५:००] चित्र न्यायचे तीन रस्ते

आता मुख्य मुद्दा. डॉकमधून दोन मॉनिटरपर्यंत चित्र जायचे तीन रस्ते आहेत. बाहेरून तिन्ही डबे सारखेच दिसतात.

पहिला रस्ता, ऑल्ट मोड आणि एमएसटी. यात लॅपटॉपच्या ग्राफिक्सचाच सिग्नल केबलमधून बाहेर येतो. डॉकच्या आत एक चिप असते, ती त्या एका सिग्नलमधून दोन किंवा तीन वेगवेगळी चित्रं सोडवते. या तंत्राचं नाव मल्टी-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट, म्हणजे एमएसटी. ड्रायव्हर लागत नाही, प्रोसेसरवर भार नाही, डॉकही स्वस्त. विंडोजवर हे छान चालतं. पण मॅक या एमएसटीने दोन वेगळे पडदे देतच नाही. दोन्हींवर एकच चित्र दिसतं. माझे दोन्ही डॉक याच जातीचे होते. कळलं? साडेसहा हजारांचा डॉक म्हणजे आधीच्याच डॉकचा जरा महागडा भाऊ होता.

त्यात माझ्या एअरची स्वतःचीही मर्यादा होती. एम१ एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, हे ॲपलच्या स्पेसिफिकेशनमध्ये सरळ लिहिलेलं आहे. एम२ एअरचंही तसंच. २०२४ च्या एम३ एअरला दोन चालतात, पण लॅपटॉपचं झाकण बंद ठेवून. २०२५ च्या एम४ एअरपासून झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. एम१ प्रो चिपला दोन, एम१ मॅक्सला चारपर्यंत. म्हणजे कितीही महागडा डॉक आणा, लॅपटॉपची चिप जितके मॉनिटर देते तितकेच मिळणार. विंडोजवाल्यांनाही हे लागू आहे. इंटेलच्या बऱ्याच जुन्या ग्राफिक्सवर एकूण तीनच पडदे चालतात, त्यातही लॅपटॉपचा स्वतःचा धरून.

दुसरा रस्ता, डिस्प्लेलिंक. ज्यांचा लॅपटॉप अडवतो त्यांच्यासाठी ही पळवाट. यात सिग्नल ग्राफिक्समधून थेट जात नाही. लॅपटॉपवरचं एक सॉफ्टवेअर पडद्याचं चित्र दाबून लहान करतं, साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतं, आणि डॉकमधली चिप ते पुन्हा उलगडून मॉनिटरला देते. व्हिडिओ कॉलवर आपण स्क्रीन शेअर करतो ना, तसंच काहीसं, फक्त दोन फुटांच्या केबलवर. हे डेटा म्हणून जात असल्यामुळे एम१ची एका मॉनिटरची मर्यादा आड येत नाही, आणि ज्या लॅपटॉपच्या पोर्टमधून व्हिडिओ येतच नाही तिथेही चालतं. अगदी जुन्या चौकोनी यूएसबी ३ पोर्टवरही. ‘युनिव्हर्सल’ या शब्दाच्या सगळ्यात जवळ जाणारा डॉक हाच.

पण त्याची किंमत आहे, आणि मी फक्त पैशांबद्दल बोलत नाहीये. ड्रायव्हर टाकावाच लागतो. प्रोसेसरचं थोडं काम वाढतं. कोड, एक्सेल, ब्राउझर यांना काही फरक पडत नाही, पण गेम आणि वेगवान व्हिडिओ एडिटिंगला हा रस्ता नकोच. मॅकवर त्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, कारण ते खरंच तुमचा पडदा सतत वाचत असतं. त्यामुळे कॉपीपासून संरक्षण असलेले सिनेमे लावले की कधी कधी नुसता काळा पडदा दिसतो. डॉक बिघडलेला नसतो.

तिसरा रस्ता, थंडरबोल्ट. केबलमधून सेकंदाला ४० गिगाबिट. थंडरबोल्ट ४ लिहिलेलं असेल तर ६० हर्ट्झचे दोन ४के मॉनिटर चालवता आलेच पाहिजेत, असा नियमच आहे. दणकट, वेगवान आणि तिन्हींत सगळ्यात महाग. एक धोका लक्षात ठेवा. जुने थंडरबोल्ट ३ डॉक साध्या टाइप-सी लॅपटॉपवर पुष्कळदा चालतच नाहीत. सेकंडहँड बाजारात ते स्वस्तात दिसतात, आणि कारण बहुतेक वेळा हेच असतं. आणि एम१ एअरला थंडरबोल्ट डॉक लावला तरी मॉनिटर एकच मिळतो, हेही विसरू नका.

[०८:१५] थोडं गणित, घाबरू नका

एक फुल एचडी मॉनिटर म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल, सेकंदाला ६० वेळा, दर पिक्सेलला २४ बिट. गुणाकार केला तर सेकंदाला जवळपास ३ गिगाबिट. ४केमध्ये पिक्सेल चौपट, म्हणून १२ गिगाबिट.

टाइप-सी केबलमध्ये वेगवान डेटाच्या चार लेन असतात. बहुतेक स्वस्त डॉक त्यातल्या दोन व्हिडिओला देतात आणि दोन यूएसबीला. डिस्प्लेपोर्ट १.२ वर व्हिडिओच्या त्या दोन लेनमधून साधारण साडेआठ गिगाबिट जातात, १.४ वर साधारण १३. आता स्वतःच बघा. दोन फुल एचडी, म्हणजे ६ गिगाबिट, दोन्हीकडे आरामात बसतात. एक ४के मात्र १.२ वर ६० हर्ट्झने बसत नाही, म्हणून डॉक तो ३० हर्ट्झवर आणतो. ३० हर्ट्झवर माउसचा बाण रेंगाळतो, स्क्रोल करताना अक्षरं अडखळतात, आणि आठ तास काम केल्यावर डोकं चढतं.

बॉक्सवर ठळक अक्षरांत ‘४के’ असतं आणि ‘३० हर्ट्झ’ कोपऱ्यात बारीक. एचडीएमआय १.४ असेल तर ४के ३० हर्ट्झच मिळणार. ४के ६० साठी एचडीएमआय २.० हवं. आणि तुमचे मॉनिटर फुल एचडीच असतील, तर ४केच्या नावाने जास्त पैसे देऊ नका. माझे दोन्ही फुल एचडी आहेत. मला ४के डॉकचा काडीचाही उपयोग नाही.

[०९:४०] वॅटचा घोळ

पुढचा प्रश्न चार्जिंगचा. आधी बघा, तुमचा लॅपटॉप टाइप-सीने चार्ज होतो का. गोल पिनचाच चार्जर चालत असेल, तर डॉक त्याला चार्ज करणार नाही, आणि ‘एक केबल’ हे स्वप्न तिथेच संपलं.

चार्ज होत असेल, तर तुमच्या चार्जरवरचे वॅट वाचा. एम१ एअरबरोबर ३० वॅटचा येतो, ऑफिसच्या कितीतरी विंडोज लॅपटॉपना ६५ लागतात, गेमिंग लॅपटॉपना त्याहून पुष्कळ जास्त. छोट्या डॉकवर ‘१०० वॅट’ लिहिलेलं असतं, पण त्याच्याबरोबर चार्जर येत नाही. तो तुमचाच चार्जर डॉकमधून पुढे नेतो, आणि वाटेत स्वतःसाठी १०-१५ वॅट ठेवून घेतो. म्हणजे ६५ चा चार्जर लावला की लॅपटॉपला पन्नासच्या आसपास मिळतात. जड काम सुरू असताना चार्जिंग लावूनही बॅटरी हळूहळू उतरते, ते यामुळे. स्वतःचं अ‍ॅडॉप्टर असलेला डॉक घेत असाल तर ‘लॅपटॉपला किती वॅट’ हा आकडा वेगळा बघा. आणि त्या अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, तेही तपासा.

केबलचंही तसंच. फोनबरोबर येणारी केबल टाइप-सी असली तरी आतून बहुतेकदा यूएसबी २ असते, सेकंदाला ४८० मेगाबिटची. तिच्यातून व्हिडिओ जात नाही. आणि ६० वॅटच्या वर चार्जिंग हवं असेल तर ५ अँपिअरची केबल लागते. डॉक चालत नाही म्हणून ओरडण्याआधी केबल बदलून बघा.

[११:१०] दुकानात काय विचारायचं

तर क्रम असा ठेवा. लॅपटॉप, मॉनिटर, वॅट, आणि सगळ्यात शेवटी डॉक. मी नेमकी उलट गेले होते.

१. माझा लॅपटॉप बाहेरचे किती मॉनिटर देतो? हे कंपनीच्या साइटवरून, दुकानदाराकडून नाही.
२. माझ्या टाइप-सीतून व्हिडिओ येतो का? चार्ज होतो का?
३. मॉनिटर फुल एचडी की ४के? मागे एचडीएमआय आहे की डिस्प्लेपोर्ट?
४. हा डॉक तिन्हींपैकी कुठल्या जातीचा आहे, एमएसटी, डिस्प्लेलिंक की थंडरबोल्ट? बॉक्सवर सापडलं नाही आणि विक्रेत्यालाही सांगता आलं नाही, तर घेऊ नका.
५. परत करायची मुदत किती? मिळाल्यादिवशीच दोन्ही मॉनिटर लावून बघा.

शक्य असेल तर लॅपटॉप घेऊनच दुकानात जा आणि दोन मॉनिटरवर लावून दाखवा म्हणा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

आणि एक प्रश्न सगळ्यांच्या आधीचा. डॉक हवाच आहे का? विंडोज लॅपटॉपला एक एचडीएमआय आणि व्हिडिओवाला एक टाइप-सी असेल, तर एचडीएमआयवर एक मॉनिटर आणि टाइप-सी ते एचडीएमआय केबलवर दुसरा. बहुतेक लॅपटॉपवर दोन वेगळी चित्रं मिळतात, आणि खर्च डॉकच्या मानाने चिल्लर. रोज सामान उचलायचं नसेल तर एवढं पुरतं.

[१३:००] तुमचे प्रश्न

“माझ्याकडे विंडोज आहे, तरी दोन्हीकडे एकच चित्र दिसतं.”
आधी विंडोजचं बटण आणि ‘पी’ दाबा. ‘डुप्लिकेट’ निवडलेलं असेल, ते ‘एक्स्टेंड’ करा. दहातले पाच जण इथेच सुटतील असा माझा अंदाज.

“ऑफिसचा लॅपटॉप आहे, ड्रायव्हर टाकता येत नाही.”
मग डिस्प्लेलिंक डॉक घेण्याआधी आयटीला लेखी विचारा. मी विचारलं, परवानगी यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस एका मॉनिटरवर काढले, पण डॉक मी परवानगी आल्यावरच मागवला. स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर ऑफिसच्या मशीनवर गुपचूप टाकणं हा शहाणपणा नाही, नोकरीचा प्रश्न आहे.

“फोन डॉकला लावता येतो का?”
काही फोन, हो. सॅमसंगच्या एस मालिकेत डेक्स आहे, तो २०१७ च्या एस८ पासून. फोन मॉनिटरला जोडला की कॉम्प्युटरसारखा डेस्कटॉप दिसतो. आयफोन १५ पासून टाइप-सीतून चित्र येतं. पण स्वस्त फोनमध्ये बहुतेकदा यूएसबी २ च असतं, तिथे चित्र येणार नाही. गोष्ट तीच, पोर्टचा आकार बघून ठरवू नका.

“डॉकमध्ये लॅनचं पोर्ट घ्यावं का?”
आमच्यासारख्या दाटीच्या इमारतीत राहत असाल तर नक्की. एका मजल्यावर इतके वायफाय असतात की कॉल तुटत राहतो. मी राउटरपासून वायर ओढून डॉकला लावली, आणि तेव्हापासून “तुझा आवाज येत नाहीये” हे ऐकलेलं नाही.

[१४:५०] शेवटी काय झालं

साडेसहा हजारांचा डॉक मी आधीच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला साडेचार हजारांना विकला. तिच्याकडे विंडोज आहे, तिथे तो झकास चालतो. दोन हजारांचा तोटा, म्हणजे आठ ब्लाउज. मग परवानगी आल्यावर डिस्प्लेलिंकचा डॉक घेतला, आणि तो येताच लॅपटॉप लावून दोन्ही मॉनिटर तपासले. वेगवेगळी चित्रं आली तेव्हा आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “हे तर आधीही दिसायचं की.” खरंच आहे. एवढी धडपड कशासाठी, तर आधी होतं ते परत मिळवायला.

पण आता नोकरी बदलली, लॅपटॉप बदलला, तरी हा डॉक बहुधा टिकेल. आणि नाही टिकला, तर यावेळी आधी लॅपटॉपचं स्पेसिफिकेशन वाचेन आणि मगच कुर्ल्याची गाडी पकडेन.

तुमच्या लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर आणि मॉनिटर किती, एवढं लिहून पाठवा. कुठल्या जातीचा डॉक लागेल ते मी नक्की सांगेन. चला, दीड वाजला. आईचं शेवटचं ब्लाउज मशीनवर आहे, आणि दोन वाजता टेबल माझं. भेटू पुढच्या भागात!